पहिल्या आवृत्तीची शेवटची तक्रार

रायर गुरुवारी सकाळी गेले. आदल्या संध्याकाळी त्यांनी इडलीचे पीठ वाटून ठेवले होते. फोन आला तेव्हा मी ऑफिसपाशी, शोळिंगनल्लूरला, बसमधून उतरत होते. मी रस्ता ओलांडला आणि त्यांच्या घराकडे, तिरुवल्लिकेणीकडे, जाणाऱ्या बसमध्ये बसले.

रायर हे त्यांचे नाव नव्हे. तंजावरकडच्या मराठी माणसाला तमिळ शेजारी रायर म्हणतात. मग तो वकील असो, कारकून असो, नाहीतर आमच्यासारखा दिवसभर संगणकापुढे बसणारा असो. त्यांचे खरे नाव ऑफिसच्या ओळखपत्रावर होते आणि ते ओळखपत्र रायर खिशात उलटे ठेवत.

मी सांगलीहून चेन्नईला नोकरीला आले तेव्हा मला तमिळचे अक्षर येत नव्हते. पहिल्याच आठवड्यात एक उंच, वाकलेले गृहस्थ माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हात पाठीमागे बांधलेले, कपाळावर अंगाऱ्याची काळी रेघ, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांनी विचारले, "आपण मराठी काय?"

मी हो म्हटले.

"कोठल्या?"

"सांगलीची."

त्यांनी थोडा विचार केला. "सांगली आमच्या वेळेस नव्हती," ते म्हणाले. "आम्ही निघालों तेव्हां सातारा होता. तुम्हांस सातारबाई म्हटलें तर चालेल?"

'आम्ही निघालों' म्हणजे त्यांचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी निघाले. रायर ते असे सांगत की जणू सामान बांधायला ते स्वतः होते. महाराष्ट्र त्यांनी पाहिला नव्हता. एकदा मी त्यांना सुट्टीत सांगलीला येण्याचा आग्रह केला, तर म्हणाले, आतां तेथें सगळें बदललें असेल.

त्यांची मराठी ऐकून मला पहिले काही दिवस हसू आवरत नसे. 'कोठें', 'तेव्हां', 'मजला' असली पोथीतली मराठी, तमिळ चालीवर, आणि मध्येच 'सेरि', म्हणजे बरे, म्हणून मान हलवणे. त्यांनाही माझी मराठी विनोदी वाटत होती, हे मला नंतर कळले. मी 'नाश्ता' म्हटले की ते आजूबाजूला पाहत, जणू मी दुसऱ्याच कोणाशी हिंदीत बोलले. शेवटी त्यांनीच निकाल दिला. "तुमची दुसरी आवृत्ति, आमची पहिली. दोन्ही चालूं द्याव्या. कोणी कोणास दुरुस्त करूं नये." तेव्हापासून आमचे तसेच चालले. त्या एवढ्या मोठ्या ऑफिसात माझे मराठी बोलणे फक्त त्यांच्याशीच होई.

आवृत्ती हा आमच्या धंद्यातला शब्द. ते काम थोडे सांगायला हवे, कारण रायरांना त्यांच्या कामापासून वेगळे काढता येत नाही.

कोइंबतूरची एक कंपनी इडली-डोशाचे पीठ वाटायचे ग्राइंडर बनवत असे. तिच्या ग्राहकांच्या तक्रारींची वाट आम्ही आखून दिली होती. तक्रार आली की ती आधी चेन्नईला फोन उचलणाऱ्या मुलीकडे जाई. मग मदुरैच्या ऑफिसातून मेकॅनिक नेमला जाई. सुटा भाग लागला तर कोइंबतूरच्या कारखान्यातून येई. शेवटी तक्रार पुन्हा फोनवरच्या मुलीकडे येई आणि ती ग्राहकाला विचारी, तिरुप्तिया? म्हणजे तृप्ती झाली का? तीन शहरांत तीन वेगळे प्रोग्रॅम होते, पण तिघांनी चालायचे एकाच नकाशावर. नकाशा म्हणजे चौकोन आणि बाण. त्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. रायर नकाशाच म्हणत. तो तिन्ही ठिकाणी चढवला की तक्रारी आपोआप एका चौकोनातून दुसऱ्यात सरकू लागत.

नकाशा बदलला की पंचाईत सुरू होई. नवा नकाशा चढवावा, तर जुन्यावर निघालेल्या तक्रारी अर्ध्या वाटेत असत. बाकीचे लोक अशा तक्रारी उचलून नव्या नकाशावर नेऊन ठेवत. तिथे त्यांचा चौकोन सापडला तर ठीक. नाही सापडला तर त्या पहिल्यापासून सुरू होत, आणि ग्राहकाला आपले नाव, पत्ता, ग्राइंडर कधी घेतला ते सगळे पुन्हा सांगावे लागे. रायर असे करू देत नसत. "ज्या नकाशावर निघाली, त्याच नकाशावर पोंचेल," ते म्हणत. नव्या तक्रारी नव्या नकाशावर, जुन्या जुन्यावर, आणि जुन्यावरची शेवटची तक्रार संपली की मगच जुना नकाशा उतरवायचा. यात गैर काही नाही. शहाणी माणसे असेच करतात. फरक एवढाच की रायर घरीही असेच करत.

त्यांच्याकडे दोन छत्र्या होत्या. एका ऑक्टोबरात, म्हणजे तिकडच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, जुन्या छत्रीची काडी मोडली म्हणून काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, नवी आणली. रायरांनी ती कपाटात ठेवली आणि डिसेंबर सरेपर्यंत मोडक्या छत्रीखाली एक खांदा भिजवत ऑफिसला आले. मी विचारले तर म्हणाले, हा पावसाळा हिनें सुरू केला आहे.

कँटीनमध्ये पानावर आधी सांबारभात, मग रसमभात, मग दहीभात. एकदा वाढप्याने चुकून त्यांना आधी रसम वाढले. रायरांनी ते परतही केले नाही आणि खाल्लेही नाही. सांबार येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिले. सांबार खाल्ले, मग गार झालेले रसम खाल्ले. वाढपी तेव्हापासून त्यांच्या पंगतीला स्वतः यायचे टाळे.

शहराच्या नावाचेही तसेच. ते मद्रास म्हणत. पण त्यांच्या मुलीला मात्र त्यांनी सांगून ठेवले होते की तिला पुढे पोरे झाली तर त्यांनी चेन्नईच म्हणायचे. "नांव बदललें तेव्हां मी अर्ध्या वाटेंत होतों," ते मला म्हणाले. "माझें मद्रासवरच संपेल. पोरांनी नव्यावर निघावें."

आमच्या धंद्यात नवे काही चढवायचे ते रात्री, सगळे झोपलेले असताना. रायरांना हे चोरासारखे वाटे. ते टिफिन खाऊन, चूळ भरून, सकाळच्या उजेडात चढवत. चूक झाली तर ती बघायला माणसे जागी पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे. आणि राहुकाल टाळून. यात चेन्नईत कोणाला नवल वाटत नाही. आमचा मॅनेजर अमेरिकेत शिकून आलेला, पण गाडी घेताना तोही राहुकाल बघून शोरूममध्ये गेला होता. इतरांचा राहुकाल कॅलेंडरच्या मागच्या पानावर छापलेला असतो, तसा रायरांचा नसे. ते सूर्योदयावरून काढत. आणि सूर्य मदुरैला वेगळा उगवतो, कोइंबतूरला वेगळा.

नकाशाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी यातूनच एक प्रकार झाला. रायरांनी त्या सकाळी चेन्नईचा राहुकाल संपताच चेन्नईत नवा नकाशा चढवला आणि कोइंबतूरचा राहुकाल अजून संपला नव्हता म्हणून हात जोडून बसले. तेवढ्या अवधीत चेन्नईत एका गृहस्थाची तक्रार नव्या नकाशावर निघाली आणि कोइंबतूरला पोचली. तिथे तो नकाशाच नव्हता. कोइंबतूरने ती परत पाठवली. चेन्नईने ती नवीन समजून पुन्हा पुढे धाडली. दर फेरीला गृहस्थांच्या मोबाइलवर निरोप जाई की आपली तक्रार मिळाली, धन्यवाद. शेवटी त्यांचाच फोन आला. तक्रार मिळाली हे मला पटले आहे, ते म्हणाले. आता कृपा करून धन्यवाद थांबवा.

दुसऱ्या दिवशी रायरांनी नियम केला. प्रत्येक तक्रारीच्या कपाळी ती कोणत्या आवृत्तीवर निघाली त्याची खूण असेल आणि ती खूण तिन्ही शहरांना ओळखता आल्याशिवाय एकही नवी तक्रार सुरू होणार नाही. याला ते 'नाम लावणें' म्हणत. आमच्या गल्लीत कपाळावरचें नाम पाहून कोण कोणत्या मठाचा ते कळतें, तसें, ते म्हणाले. मॅनेजरने ही युक्ती वरच्या साहेबांना दाखवली आणि शाबासकी मिळवली. राहुकाल मात्र रायरांनी सोडला नाही. तिघांचे राहुकाल संपेपर्यंत तिघांनाही थांबवू लागले.

दुसरी आवृत्ती चढली आणि पहिलीवरच्या तक्रारी एकेक करून संपत आल्या. फक्त एक संपेना.

तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या भाड्याच्या खोल्या असलेल्या इमारतीच्या, तळमजल्यावर एक बाई मेस चालवत; त्यांना सगळे मामी म्हणत. त्यांच्या ग्राइंडरची ती तक्रार होती. पहिल्या नकाशात शेवटच्या चौकोनातून दोन बाण निघत. तृप्ती झाली तर तक्रार बंद. नाही झाली तर परत मेकॅनिककडे. मामी दर वेळी नाही म्हणत. मेकॅनिक दर वेळी येई. त्याने पट्टा बदलला, मोटार बदलली, स्विच बदलला, भांडे बदलले. मामी त्याला कॉफी देत आणि फोनवरच्या मुलीला नाही म्हणत. दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने सांगून तिसऱ्या नकारानंतर तक्रार आपोआप बंद होण्याची सोय करून घेतली होती. तो नकाशाही रायरांनीच काढला होता, आणि विनातक्रार काढला होता. नव्या ग्राहकांना पावतीवर तसे छापून दिले जाई. मामींच्या पावतीवर मात्र तृप्ती होईपर्यंत असेच छापलेले होते.

त्या एका ग्राइंडरसाठी तीन शहरांतले तीन प्रोग्रॅम जुनी भाषा बोलत राहिले होते. आता सगळी यंत्रणाच नवी घालायची ठरली होती आणि नव्या यंत्रणेला पहिली आवृत्ती वाचता येणार नव्हती. मॅनेजरने शुक्रवारची दुपार नेमली. त्याआधी ती तक्रार बंद झाली नाही तर तो ती पुसणार होता.

मी तिथेच होते. मॅनेजर रायरांना दुखवत नसे. तो त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. रायर सार, तो म्हणाला, एक ग्राइंडर आहे हो. मामींना आपण नवा ग्राइंडर भेट पाठवू.

"त्यांनी नवा मागितला नाहीं," रायर म्हणाले. "तृप्ती होईतोंवर असें आपण लिहून दिलें आहे. तुम्ही तें पुसाल त्या दिवशीं मी घरीं जाईन."

मॅनेजर हसला, कारण त्याला वाटले हे म्हातारे रागावले आहेत. मला माहीत होते की रायर रागावलेले नाहीत. मोडकी छत्री घेऊन महिनोन्‌महिने भिजणारा माणूस ते बोलत होता. त्यांना निवृत्त व्हायला काही वर्षे होती, त्या वयात दुसऱ्या कोणी नोकरीला घेतले नसते, आणि मुलीचे लग्न नुकतेच झाले होते. त्यात माझाही एक स्वार्थ होता. ते गेले असते तर त्या ऑफिसात मी मराठी कोणाशी बोलले असते?

गुरुवारी सकाळी मी म्हटले, आपण मामींकडे जाऊन तर येऊ. रायर राहात होते तिथून मेस दोन गल्ल्या पलीकडे होती, पण इतक्या महिन्यांत ते कधी गेले नव्हते. नकाशा काढणाऱ्याने वाटेत उभे राहू नये, असे काहीतरी त्यांचे कारण होते.

मेसमध्ये जेवणे आटोपत आली होती. मामी ठेंगण्या, जाड काचांचा चष्मा, पदर खोचलेला. आम्ही कुठून आलो ते रायरांनी तमिळमध्ये सांगितले, तेव्हा त्यांनी आम्हाला बसायला सांगून आधी दोन माणसांना ताक वाढले. मग म्हणाल्या की तुमचा मेकॅनिक चांगला मुलगा आहे, त्याला रागावू नका. पण इडली फुगत नाही, मुले अर्धी टाकून उठतात, आणि तुमची ती फोनवरची मुलगी दर आठवड्याला तृप्तीची चौकशी करते.

रायर हात धुवायला मागे गेले तेवढ्यात मी मामींना माझ्या मोडक्या तमिळमध्ये सगळे सांगून टाकले. उद्या दुपार. तक्रार. नोकरी.

रायर पंच्याने हात पुसत आले. मामी त्यांना म्हणाल्या, "लिहा. तिरुप्ति."

रायरांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या त्या पाहण्याची मला आजही आठवण आहे.

"त्या माझ्यावर तृप्त आहेत," ते मला मराठीत म्हणाले. "चौकोनांत ग्राइंडर विचारला आहे."

मग त्यांनी मामींना तेच तमिळमध्ये, अधिक नम्रपणे सांगितले. मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. माणूस वेडा आहे की काय, असे त्या मला डोळ्यांनी विचारत होत्या. मी मान हलवली, पण हो अशी की नाही अशी, ते माझे मलाच कळले नाही.

रायर ग्राइंडरपाशी गेले, बाही सारली आणि आत हात घातला. दगडावरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग मलाही फिरवायला लावला. दगड काचेसारखा गुळगुळीत झाला होता. असा दगड वाटत नाही, नुसता पीठ ढकलतो.

"टाकी लावायला पाहिजे," मी म्हटले. माझ्या आजोळी पाट्याला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने टोचून तो खरखरीत करायला, माणूस येई.

मामी म्हणाल्या, मी पहिल्याच फोनला सांगितले होते की दगड घासला गेलाय. ती मुलगी म्हणाली, मामी, माझ्यापुढे मोटार, पट्टा, स्विच आणि भांडे एवढेच आहे. यांतले काय बिघडलेय? मी म्हटले, मग तुला आवडेल ते लिही.

रायर एका पालथ्या घातलेल्या पातेल्यावर बसले. यादीत दगड नव्हता, कारण नकाशात दगड नव्हता. आणि पहिला नकाशा, सगळ्या चौकोनांसकट, त्यांनी स्वतः काढला होता. मोटार, पट्टा, स्विच, भांडे. ग्राइंडर दगडाने वाटतो हे लिहायचे राहिले होते. मामींनी त्यांच्या हातात कॉफी दिली, ती त्यांनी घेतली.

मी सुचवले की आता पहिल्या आवृत्तीत दगडाचा एक चौकोन घालून टाकू. कोण बघणार आहे?

"चालत्या नकाशाला हात लावायचा नाहीं," रायर म्हणाले. "दगडास लावूं."

त्या गल्ल्यांतून तेव्हा टाकी लावणारे अजून फिरत. मामींनी निरोप धाडला आणि तासाभरात एकजण छिन्नी घेऊन आला. त्याने मागच्या अंगणात बसून दगडाला टाकी लावली. रायर शेजारी उकिडवे बसून, डोळ्यांत धूळ जात असताना, पाहत होते. मग मामींनी मूठभर जाडे तांदूळ वाटून फेकून दिले, म्हणजे कच निघून जाते. भिजवलेली डाळ आणि तांदूळ तयार होतेच. संध्याकाळी पीठ वाटून झाले. रायरांनी त्यात बोट बुडवून पाहिले आणि फेस धरलाय असे म्हणाले. पण पीठ आंबायला रात्र जाते, आणि ती घाई कोणाला करता येत नाही.

शुक्रवारी सकाळी मी हॉस्टेलमधून पहिल्या बसने गेले. रायर माझ्या आधी येऊन बाकावर बसले होते, अंघोळ केलेले, अंगारा लावलेले, परीक्षेला आल्यासारखे. मामींनी इडलीपात्र उघडले. पहिली इडली त्यांनी स्वतः खाल्ली, उभ्यानेच. दुसरी रायरांच्या पानावर ठेवली, तिसरी माझ्या. मग न विचारता रायरांना आणखी एक वाढली.

रायरांनी खाली मान घालून विचारले, तिरुप्तिया?

"हो."

"माझ्यासाठीं म्हणूं नका."

मामी पळी हातात घेऊन थांबल्या. "तुमच्या नोकरीसाठी," त्या म्हणाल्या, "मी इडलीबद्दल खोटं बोलेन?"

रायरांनी मेसच्या फोनवरून स्वतः नंबर लावला आणि फोन मामींच्या हातात दिला. पलीकडच्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला. मामींनी नेहमीचे उत्तर दिले नाही. मुलीला ते खरे वाटले नसावे, कारण मामींना तोच शब्द तीनदा म्हणावा लागला.

तक्रार बंद करायची शेवटची कळ आमच्या ऑफिसातून दाबायची होती. शोळिंगनल्लूरचा रस्ता तेव्हा सगळा खणलेला होता आणि आमची बस त्यात गोगलगाईसारखी चालली. आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. शुक्रवारचा राहुकाल लागला होता, बारापर्यंतचा. मॅनेजर दारातच उभा होता. त्याने घड्याळ बघितले, रायरांकडे बघितले, आणि खुर्चीत बसून दोन्ही हातांनी डोके धरले. आता हा माणूस बारापर्यंत हात जोडून बसणार, कोइंबतूरसाठी आणखी थोडा, आणि माझी दुपार गेली, असे त्याला वाटले असणार.

रायर आपल्या जागेवर गेले, चष्मा पुसला आणि कळ दाबली.

मॅनेजरने डोके वर केले.

"संपवायला राहुकाल नसतो, सार," रायर म्हणाले. "तो सुरू करायला असतो."

पडद्यावर पहिल्या आवृत्तीपुढे शून्य आले. रायरांनी ते मलाही दाखवले. मग त्यांनी पहिला नकाशा कोइंबतूरहून उतरवला, मदुरैहून उतरवला आणि सर्वांत शेवटी चेन्नईहून. नवी यंत्रणा सुरू करायला मात्र त्यांनी मॅनेजरला कोइंबतूरचा राहुकाल संपेपर्यंत बसवून ठेवले. मॅनेजर बसला. पुढच्या आवृत्तीत दगडाचा चौकोन आला.

त्या दिवसापासून रायर मेसमध्ये जाऊ-येऊ लागले. घरचे पीठही ते स्वतः वाटू लागले; काकूंना त्यात हात लावू देत नसत. दर काही महिन्यांनी टाकीवाल्याला मामींकडे नेत आणि मग आपल्या घरी आणत. पुढे मी दुसऱ्या कंपनीत गेले, ती त्याच रस्त्यावर होती. शनिवारी त्यांच्याकडे जाई. दारात निरोप घेताना मी म्हणे, येते. ते म्हणत, "जाऊन या." तमिळ लोक असेच म्हणतात आणि आपणही. जातो, असे कोणी म्हणायचे नाही.

ते गेले त्या गुरुवारी मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरले होते. मुलगी बंगळूरहून विमानाने निघाली होती. मला काय करावे ते सुचेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर स्टीलचा उभा डबा होता आणि पीठ फुगून त्याचे झाकण वर आले होते. कोणी नातेवाईक बाई म्हणाल्या, मयताच्या घरातले आहे, टाकून द्या. त्या डबा उचलायला लागल्या तशा काकू दारातून म्हणाल्या, "नोको." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सातारबाई, तें त्यांनी सुरू केलेलें आहे."

त्या घरात त्या दिवशी चूल पेटणार नव्हती. मी डबा पदराखाली घेतला आणि दोन गल्ल्या चालत मेसमध्ये गेले. मामींना कळले होते. त्यांनी झाकण काढून वास घेतला. सुतकाचे विचारतील असे मला वाटले, पण त्यांनी विचारले नाही. इडलीपात्र चढवले. मॅन्शनमधली मुले नाश्त्याला आली होती. त्यांनी ती इडली खाल्ली आणि नेहमीसारखी घाईत निघून गेली. कोणी पानात टाकले नाही. शेवटची मामींनी अर्धी मला दिली आणि अर्धी उभ्यानेच स्वतः खाल्ली. मी काही विचारले नव्हते.

"तिरुप्ति," त्या म्हणाल्या.

डबा त्यांनी घासून, पुसून माझ्या हातात दिला. मी परत गेले तेव्हा मुलगी पोचली होती आणि रायरांना नेले होते. पुढे तेरावा झाला, आणि काकू मुलीकडे बंगळूरला गेल्या.

तो डबा माझ्याकडे आहे. परत द्यायचा आहे.